आमदार बोलले, पण ठरवतं कोण? शेतीपंपाची वीज आणि शाळेच्या स्पर्धेची पात्रता : सविस्तर माहिती

आमदार गावात आले की दोन विषय निघतातच. पहिला शेतीपंपाच्या विजेचा : दिवसा वीज कधी मिळणार, बिल माफ होणार का, डीपी कधी बदलणार? दुसरा शाळेतल्या खेळाडू पोरांचा : चांगला खेळणारा मुलगा जन्मतारखेच्या अटीत अडकला, साहेब काहीतरी करा.

आमदार दोन्ही विषयांवर बोलतात. त्यांच्या बोलण्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो. ‘वीजबिल माफ’, ‘वयाची अट शिथिल’ असे मथळे येतात. मग कोणी बिल भरायचं थांबतं, कोणी दाखल्याचं काम पुढे ढकलतं. मुदत निघून गेली की नुकसान आपलंच होतं.

म्हणून हा लेख. या दोन विषयांत आमदारांच्या हातात काय आहे, काय नाही आणि जे नाही त्यासाठी कुठलं दार ठोठवायचं, ते इथे एकत्र दिलं आहे. लेख सेव्ह करून ठेवा.

थोडक्यात

- विजेचा दर आमदार ठरवत नाहीत, मंत्रीही ठरवत नाहीत. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.
- शेतीपंपाची मोफत वीज हे राज्य सरकारचं अनुदान आहे. त्याचा पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि अर्थसंकल्प विधिमंडळ मंजूर करतं. इथे आमदारांचा आवाज थेट चालतो.
- शालेय स्पर्धेची वयाची अट आमदारांच्या पत्राने बदलत नाही.
- तालुक्याचं मैदान, क्रीडा संकुल, क्रीडा शिक्षक या गोष्टींत आमदार खूप काही करू शकतात.

मत, मागणी, घोषणा आणि जीआर : फरक ओळखा

आमदार जे बोलतात ते सगळं सारख्या वजनाचं नसतं. त्याच्या पायऱ्या अशा आहेत.

१) मत : सभेत किंवा पत्रकारांसमोर मांडलेलं म्हणणं. उदाहरणार्थ, ‘शेतकऱ्याला दिवसाच वीज मिळाली पाहिजे.’ याने लगेच काही बदलत नाही.

२) मागणी : विधानसभेत किंवा विधान परिषदेत तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा औचित्याच्या मुद्द्यातून मांडलेला विषय. त्याची सभागृहात नोंद होते. तारांकित प्रश्नाला आणि लक्षवेधीला मंत्र्यांचं उत्तर मिळतं. उत्तरात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

३) घोषणा : मंत्र्यांनी सभागृहात किंवा बाहेर जाहीर केलेली गोष्ट. तिला वजन आहे, पण अंमलबजावणीला आदेश लागतो.

४) मंत्रिमंडळाचा निर्णय : सरकारने धोरण ठरवलं, असा याचा अर्थ.

५) शासन निर्णय म्हणजे जीआर : कोणाला, किती, कधीपासून आणि कोणत्या अटीवर, हे सगळं यात लिहिलेलं असतं. प्रत्येक जीआरला तारीख आणि संकेतांक असतो. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतो.

घोषणा आणि आदेश यांत किती अंतर असू शकतं, याचं उदाहरण शेतीपंपाचंच आहे. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी थकबाकीसाठी वीज तोडण्याला स्थगिती दिल्याचं सभागृहात सांगितलं. अधिवेशन संपता संपता तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी ती स्थगिती उठवल्याचं त्याच सभागृहात जाहीर केलं. मधे दहा दिवससुद्धा गेले नव्हते. पहिल्या बातमीवर विसंबून जे निर्धास्त राहिले, त्यांना दुसरी बातमी महागात पडली.

तेव्हा सवय एकच लावायची. ‘निर्णय झाला’ असं कोणी म्हटलं की विचारायचं : जीआर निघाला का? तारीख काय?

वीज : कोणाच्या हातात काय?

राज्यघटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदे करू शकतात. सध्या देशभर चालतो तो केंद्राचा विद्युत कायदा, २००३. त्याच्या चौकटीत कामाची वाटणी अशी होते.

नियामक आयोग : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना १९९९ मध्ये झाली. घरगुती, शेती, दुकान, कारखाना अशा प्रत्येक गटाचा दर हा आयोग ठरवतो. दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना आणि हरकती मागवणं कायद्याने बंधनकारक आहे. हरकत कोणताही ग्राहक पाठवू शकतो, त्यासाठी वकील लागत नाही. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. आपल्याकडे ती फारसं कोणी वाचत नाही, आणि दर वाढल्यावर मोर्चा निघतो.

महावितरण : जुन्या वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन झालं. निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. आपल्या बांधापर्यंत वीज आणणारी, मीटर लावणारी आणि बिल देणारी कंपनी म्हणजे महावितरण. डीपी, तारा, खांब, नवीन कनेक्शन ही कामं तिची.

राज्य सरकार : धोरण ठरवतं आणि अनुदान देतं. एखाद्या गटाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त किंवा फुकट वीज द्यायची असेल, तर फरकाची रक्कम सरकारने आगाऊ भरली पाहिजे, असं कायद्याचं कलम ६५ सांगतं. सरकारने पैसे भरले नाहीत तर आयोगाचा मूळ दर लागू होतो.

आमदार : अर्थसंकल्पावर बोलतात, मत देतात आणि प्रश्न विचारतात. त्यांना दरवर्षी स्थानिक विकास निधी मिळतो. २०२२ मध्ये तो ५ कोटी रुपये करण्यात आला. जिल्हा नियोजन समितीच्या निधीसाठीही ते पाठपुरावा करू शकतात. नवीन डीपी, सबस्टेशन, खांब बदलणं या कामांना निधी मिळवून देणं त्यांच्या हातात बऱ्यापैकी असतं.

मोफत वीज : योजना नेमकी काय आहे?

‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ २०२४ मध्ये आली. जीआर जुलै २०२४ चा आहे, पण लाभ एप्रिल २०२४ पासून आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना ही योजना लागू आहे. मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे आणि तीन वर्षांनी आढावा घ्यायचं ठरलं आहे. जाहीर झाली तेव्हा सुमारे ४४ लाख शेतकरी या मर्यादेत येतात, असं सरकारने सांगितलं होतं.

यात तीन गोष्टी नीट समजून घ्या.

एक, वीज फुकट झालेली नाही. तिचा दर आयोगाने ठरवलेलाच आहे. फक्त आपल्या वाटचं बिल सरकार महावितरणला भरतं. म्हणून ही योजना दरवर्षी अर्थसंकल्पात पुरेशी तरतूद होण्यावर उभी आहे. ‘मोफत वीज चालू राहणार का?’ असं विचारण्यापेक्षा ‘यंदा तरतूद किती आहे आणि महावितरणला किती पोचली?’ हा प्रश्न आमदारांना विचारा. पहिल्याला उत्तर म्हणून भाषण मिळतं, दुसऱ्याला आकडा सांगावा लागतो.

दोन, साडेसात एचपी म्हणजे बिलावर लिहिलेला मंजूर भार. मोटर पाचची आणि कागदावर दहा असेल तर आधी कागद दुरुस्त करून घ्या. उलट मोटर दहाची आणि कागद पाचचा असेल तर तपासणीत अडचण येऊ शकते.

तीन, योजना चालू बिलाची आहे. आधीची थकबाकी तिच्यामुळे आपोआप पुसली गेलेली नाही. थकबाकीवर वेगळा आदेश निघाला तरच ती जाते.

जुनी आठवणही असू द्यावी. २००४ मध्येही राज्यात शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली होती. पुढच्याच वर्षी, निवडणूक झाल्यावर, ती बंद झाली. योजना वाईट असते असं यातून सांगायचं नाही. पैशाची सोय नसेल तर ती टिकत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

दिवसा वीज आणि सौरपंप

रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. साप, बिबट्या, उघड्या तारा आणि थंडी. म्हणून दिवसा वीज ही मागणी जुनी आहे. तिच्यावर सध्या दोन वेगळ्या योजना चालू आहेत. त्यांची नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना : ही २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ पासून. यात आपल्या शेतात काही बसत नाही. सबस्टेशनच्या जवळपास सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज शेतीच्या फिडरला जाते. सूर्य असतो तेव्हा वीज तयार होते, म्हणून त्या फिडरवरच्या सगळ्यांना दिवसा पुरवठा करता येतो. प्रकल्पासाठी खासगी जमीन भाड्याने देता येते. दुसऱ्या टप्प्यात हे भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असं ठरलं. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांचं प्रोत्साहन अनुदानही ठरलेलं आहे. गायरान जागेवर प्रकल्प येत असेल तर गुरांच्या चराईचं काय, हा प्रश्न ग्रामसभेत आधीच काढा.

मागेल त्याला सौर कृषी पंप योजना : ही वैयक्तिक योजना आहे. आपल्याच शेतात पॅनल आणि पंप बसतो. सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. बाकीचा भार केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. अडीच एकरपर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरपर्यंत ५ एचपी आणि पाच एकरच्या वर साडेसात एचपी, असं प्रमाण आहे. पाण्याचा स्रोत असलेल्या आणि शेतीपंपाचं वीज कनेक्शन नसलेल्या शेतकऱ्यासाठी ही योजना आहे. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करायचा. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का, ते अर्जाआधी पाहा.

पहिल्या योजनेत आमदारांची मदत होते : जागा, ग्रामसभेचा ठराव, महसूल खात्याचा पाठपुरावा. दुसरीत मात्र आपला अर्ज आणि आपली कागदपत्रं हेच महत्त्वाचं. चिठ्ठीने नंबर वर येईल या आशेवर अर्ज लांबवू नका.

डीपी जळाली, कनेक्शन तोडलं : तक्रार कुठे?

डीपी जळाली की पहिला फोन आमदारांच्या पीएला जातो. फोन करायला हरकत नाही, पण त्याआधी १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आयोगाने महावितरणला कामाची मुदत ठरवून दिली आहे. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून पुरवठा सुरू करायचा असतो. पण ही मुदत मोजायची कधीपासून? तक्रार नोंदली तेव्हापासून. नोंदच नसेल तर उशीर झाला हे सिद्ध कसं करणार? वायरमनला तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही.

थकबाकीसाठी कनेक्शन तोडायचं असेल तर कलम ५६ नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस न देता तोडलं तर ती तक्रार होऊ शकते.

तक्रारीचा क्रम असा आहे.

१. शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.
२. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.
३. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. राज्यात मुंबई आणि नागपूर इथे त्यांची कार्यालयं आहेत.

आमदारांना निवेदन देताना याच पोचेची झेरॉक्स जोडा. ‘आमच्याकडे वीज नाही’ हे निवेदन अधिकारी बाजूला ठेवतात. ‘अमुक तारखेला तक्रार, अमुक क्रमांक, आज नववा दिवस’ हे निवेदन त्यांना बाजूला ठेवता येत नाही, आणि आमदारांनाही सभागृहात मांडायला हाताशी काहीतरी मिळतं.

शालेय स्पर्धा : पात्रता कोण ठरवतं?

आता दुसरा विषय. राज्यात शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. जिल्ह्यात हे काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय पाहतं. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत संघ पुढे जातो. क्रीडा खात्याचे विभाग आठ आहेत : मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. राज्यातून निवडलेला संघ राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. त्या स्पर्धा स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया ही १९५४ पासूनची संस्था भरवते.

नियमांची साखळी वरून खाली येते. राष्ट्रीय स्पर्धेची वयाची अट जी, तीच खाली तालुक्यापर्यंत धरली जाते. म्हणून तालुक्याला ‘घ्या हो, लहान गावचं पोर आहे’ म्हणून एखाद्याला सोडलं, तरी वरच्या कुठल्यातरी टप्प्यावर कागद तपासताना तो अडकतो. आणि तो एकटा अडकत नाही. संघातला एक खेळाडू अपात्र ठरला तर अख्खा संघ बाद होण्याची वेळ येते. कबड्डीचा किंवा खो-खोचा जिंकलेला संघ कागदावर हरतो.

वयाची अट : सोपा हिशेब

गट तीन आहेत : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय धरलं जातं ते शैक्षणिक वर्ष ज्या सालात सुरू होतं त्या सालच्या ३१ डिसेंबरला. त्यामुळे १ जानेवारी ही तारीख कळीची ठरते.

हिशेब असा करा. शैक्षणिक वर्ष सुरू होतं ते साल घ्या आणि

- १४ खालील गटासाठी १३ वजा करा,
- १७ खालील गटासाठी १६ वजा करा,
- १९ खालील गटासाठी १८ वजा करा.

जे साल येईल त्याच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला विद्यार्थी त्या गटात बसतो. उदाहरणार्थ २०२५-२६ साठी हे साल अनुक्रमे २०१२, २००९ आणि २००७ येतं. म्हणजे ३१ डिसेंबर २०११ ला जन्मलेली मुलगी त्या वर्षी १४ खालील गटात बसत नाही, १ जानेवारी २०१२ ची बसते. एका दिवसाचा फरक, पण नियम तोच. तिने खचून जाऊ नये, १७ खालील गट तिला मोकळा आहे.

सुब्रतो मुखर्जी फुटबॉल आणि नेहरू हॉकी या स्पर्धांची वयाची अट वेगळी असू शकते. त्या खेळाडूंनी त्या वर्षीचं परिपत्रक शाळेतून मागून पाहावं.

वयाशिवाय मुख्य अट म्हणजे खेळाडू त्या शाळेचा किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी असला पाहिजे. नोंदणी शाळेमार्फतच होते. पालकाने थेट मैदानावर नेऊन उभं केलं म्हणून खेळायला मिळत नाही. नोंदणीची मुदत साधारण शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच येते. जूनमध्येच क्रीडा शिक्षकांना, किंवा ते नसतील तर मुख्याध्यापकांना, तारीख विचारून ठेवा.

खरी अडचण : दाखल्यावरची तारीख

आपल्याकडे मागच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. आता तसं फारसं होत नाही. पण जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेच्या रजिस्टरला दुसरी आणि आधारवर तिसरी, असे प्रकार अजून सापडतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते उघडं पडतं आणि मग आमदारांना फोन होतो. त्या दिवशी कोणीच काही करू शकत नाही.

करायचं काम आधीचं आहे.

- जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. गावात ती ग्रामपंचायतीत होते.
- वर्षाहून जास्त उशीर झाला असेल तर जिल्हाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. याला वेळ जातो, म्हणून मूल पाचवी-सहावीत असतानाच हे उरका.
- १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढच्या बऱ्याच कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. तो पहिल्यापासून बरोबर असू द्या.
- शाळेच्या रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असतानाच, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर हे फार अवघड होतं.
- शाळेच्या नोंदीशी आधार जुळवून घ्या.

वय कमी दाखवून खेळवणं हा काही ठिकाणी हुशारीचा भाग समजला जातो. त्याचा तोटा पुढे कळतो. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रांवरून नोकऱ्या गेल्याची प्रकरणं राज्यात घडलेली आहेत. शिवाय मोठ्या वयाचा मुलगा लहान गटात खेळला की कोणातरी खऱ्या चौदा वर्षांच्या पोराची जागा जाते. ते पोर बहुतेक वेळा शेजारच्याच गावचं असतं.

मग आमदारांनी खेळासाठी काय करावं?

बरंच काही. क्रीडा हा राज्याच्या सूचीतला विषय आहे, म्हणून विधिमंडळात त्यावर हक्काने बोलता येतं.

तालुका क्रीडा संकुलाच्या समितीचे अध्यक्ष स्थानिक आमदार असतात. २०२२ मध्ये राज्याने संकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढवली. तालुक्यासाठी १ कोटीवरून ५ कोटी, जिल्ह्यासाठी ८ वरून २५ कोटी आणि विभागासाठी २४ वरून ५० कोटी. आपल्या तालुक्याचं संकुल कागदावर आहे की जमिनीवर, त्याला जागा मिळाली का, बांधलं असेल तर कुलूप कोणाकडे आहे, हे प्रश्न थेट आमदारांचे आहेत. इथे ‘माझ्या हातात नाही’ असं उत्तर चालत नाही.

क्रीडा शिक्षकांच्या रिकाम्या जागा हा दुसरा मुद्दा. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले सात आमदार आहेत. आपल्या विभागाचे शिक्षक आमदार कोण, हे शाळेत विचारा. गावाचं निवेदन त्यांनाही द्या.

आणि दोन्ही विषय जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे शाळेचं वीजबिल. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मीटर थकबाकीने बंद पडलं की संगणक बंद, पंखा बंद आणि पाण्याची मोटरही बंद. आयोगाच्या दरपत्रकात सरकारी शाळांसाठी सार्वजनिक सेवा हा वेगळा गट आहे. शाळा व्यवस्थापन समितीने एकदा बिल हातात घेऊन पाहावं, त्यावर व्यापारी दर तर लागलेला नाही ना. लागला असेल तर उपविभाग कार्यालयात अर्ज द्यावा. शाळेच्या छतावर सौर पॅनल बसवायला मात्र आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनचा निधी मागण्यासारखा आहे.

आमदारांना विचारायचे आठ प्रश्न

ग्रामसभेला, जनता दरबारात किंवा प्रचाराच्या वेळी हे विचारा. उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

१. आमच्या फिडरला सौर प्रकल्प जोडला आहे का? नसेल तर काम कुठे अडलं?
२. मोफत विजेच्या अनुदानासाठी यंदा अर्थसंकल्पात तरतूद किती?
३. गेल्या अधिवेशनात आपण विजेवर कोणता प्रश्न विचारला? उत्तर काय आलं?
४. आमच्या सबस्टेशनचा भार वाढला आहे, नवीन सबस्टेशनचा प्रस्ताव गेला का?
५. दरवाढीच्या सुनावणीत तालुक्याच्या वतीने हरकत पाठवली का?
६. तालुका क्रीडा संकुल समितीची शेवटची बैठक कधी झाली?
७. तालुक्यात क्रीडा शिक्षक नसलेल्या शाळा किती?
८. आमदार निधीतून शाळा आणि मैदानांवर किती खर्च झाला?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमदारांनी सांगितलं बिल भरू नका, तर चालेल का?
नाही. जीआर किंवा महावितरणचा लेखी आदेश येईपर्यंत बिलाची जबाबदारी ग्राहकाचीच.

माझी मोटर साडेसात एचपीची आहे, तरी बिल आलं. का?
मंजूर भार जास्त नोंदला असेल, जुनी थकबाकी दिसत असेल किंवा कनेक्शन शेतीच्या गटात नसेल. बिल घेऊन उपविभाग कार्यालयात जा आणि लेखी अर्ज द्या.

आमदारांच्या शिफारशीने वयात एक-दोन महिन्यांची सूट मिळते का?
नाही. मिळाल्यासारखी वाटली तरी वरच्या पातळीवर टिकत नाही.

मुलगी दहावी नापास होऊन घरी आहे, शाळेच्या संघातून खेळेल का?
त्या वर्षी तिचा नियमित प्रवेश नसेल तर शालेय स्पर्धेत खेळता येत नाही. खेळाच्या संघटनांच्या वयोगटाच्या खुल्या स्पर्धांत ती उतरू शकते. शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात पुन्हा प्रवेश झाला आणि वय बसत असेल तर शालेय स्पर्धाही मोकळी.

आमदार सभागृहात खरंच बोलले का, हे कसं कळेल?
विधिमंडळाच्या कामकाजाची छापील नोंद असते आणि ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. व्हिडिओचा तुकडा पुढे पाठवण्याआधी तारीख तरी तपासा.

शेवटी एक यादी, घरात लावून ठेवण्यासारखी

विजेसाठी : ग्राहक क्रमांक, मंजूर भार, तक्रार क्रमांक, अर्जाची पोच.
खेळाडू मुलासाठी : जन्मदाखला, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, आधार, नोंदणीची शेवटची तारीख.

एवढे कागद जवळ असले की आमदारांकडे जाताना हात जोडून जावं लागत नाही. काम कुठल्या टेबलावर अडलंय ते सांगायचं आणि त्या टेबलाला विचारा, एवढंच म्हणायचं.